वहीतलं माप

सोमवार, ८ सप्टेंबर

डॉक्टरांचा हुकूम म्हणून लिहितो आहे. रोज अर्धं पान तरी लिहा, बोटांना काम राहील आणि हात सुधारतोय की नाही ते तुमच्या अक्षरावरूनच कळेल, असं ते म्हणाले. काय लिहायचं ते काही सांगितलं नाही. चाळीस वर्षं मी मापांखेरीज काही लिहिलेलं नाही, तेव्हा सुरुवातही तशीच करतो.

वय एकसष्ट. काम कटरचं. एका जुन्या टेलरिंगच्या दुकानात कोट आणि सूट कापतो. शिवणारे चार, कापणारा मी एकटा. लोक मास्तर म्हणतात. गेल्या मंगळवारी मानेचं ऑपरेशन झालं. गळ्याच्या पुढच्या बाजूने चिरून मानेतले तीन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकले. आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू. हाड जुळून यायला बारा आठवडे लागतील. तोवर गळ्यात कडक पट्टा, झोपतानासुद्धा.

चाळीस वर्षं मान खाली घालून कापड कापलं त्याचं हे बक्षीस. मणके झिजून आतल्या नसांवर दाब आला आणि बोटं बधिर होत गेली. मे महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या कापडात कात्री अर्ध्यावर असताना हातातून सुटली. ती फरशीवर पडल्याचा आवाज अख्ख्या दुकानाने ऐकला. मालक काही बोलले नाहीत. माझं टेबल त्यांनी डिसेंबरपर्यंत रिकामं ठेवायचं कबूल केलंय. हात परत आला तर टेबल माझं. नाही आला तर काय, ते मी लिहिणार नाही.

आयुष्यभर लोकांच्या गळ्यात कॉलर बसवल्या. आता माझ्या गळ्यात ही बसलीय आणि फिटिंग अगदीच भिकार आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

मला फक्त समोरचं दिसतं. खाली ताट आहे, त्याखाली पाय आहेत, हे सगळं आठवणीवर चाललंय. बाजूला बघायचं तर कपाट हलवल्यासारखं सगळं अंग वळवावं लागतं. झोप बैठकीच्या खोलीत, आरामखुर्चीत.

लिहायचं कसं हा प्रश्न हिने सोडवला. ही म्हणजे माझी बायको. चौतीस वर्षांत मी तिला दुसरं काही म्हटलेलं नाही, आता वहीत तरी कशाला? लेक शाळेत असताना ज्यावर वेळापत्रक टाचायची तो मोठा मऊ बोर्ड हिने माळ्यावरून काढला आणि बरोबर माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर ठोकला. वही त्याला चिमट्याने अडकवायची आणि उभ्याने लिहायचं. दोन खिळ्यांना अर्धा तास लागला. मध्ये दोनदा खुर्चीत बसली. मी म्हटलं, "अगं, दोन खिळे ठोकायचेत, पूल नाही बांधायचा."

"हो मास्तर," म्हणाली आणि पुन्हा उठली.

रविवार, १४ सप्टेंबर

जखमेवरची पट्टी निघाली. हिला आरसा समोर धरायला लावला आणि डॉक्टरांचं काम नीट तपासलं. टाका बाहेरून दिसतच नाही, आतून घेतलाय. माणसाचा हात चांगला आहे. फक्त डाव्या टोकाला किंचित चुणी आहे. हिला दाखवली.

"मग काय, उसवून परत घालायला सांगू?" म्हणाली. हसलो तर गळा दुखला.

गिळायला अजून त्रास होतो, त्यामुळे माझं सगळं मिक्सरमधून काढलेलं. हीसुद्धा तेच खाते. "तुझ्या दातांना काय धाड भरलीय?" म्हटलं. दोन प्रकार करायला वेळ कुणाला आहे, म्हणाली. तेही माझ्यासोबत क्वचितच. एरवी "तुमचं होऊ द्या, मी नंतर जेवते" हे ठरलेलं. मी एकटाच भिंतीकडे तोंड करून पेज पीत बसतो.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

व्यायामाच्या बाई येऊन गेल्या. वय माझ्या लेकीएवढं, आवाज मुख्याध्यापिकेचा. एका वाटीत वीस बटणं ठेवली आणि चिमटीने एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितली. बटणं! ज्या हाताने हजारो कोटांवर बटणांच्या खुणा केल्या त्याच्यातून वीसपैकी अकरा पडली. खाली बघता येत नाही म्हणून कुठे घरंगळली तेही दिसलं नाही. ही वाकून गोळा करत होती. बराच वेळ लागला तिला.

जाताना बाई माझ्याऐवजी हिच्याकडेच बघत म्हणाल्या, "तुम्ही जरा बसा बघू. बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"जागरणं हो," ही म्हणाली. "हे सारखी हाक मारतात."

मान मोडली माझी आणि विचारपूस हिची. त्यात आज चारचा चहा पावणेपाचपर्यंत आला नाही. उठून आत गेलो तर ही गाढ झोपलेली. आजारी मी आणि झोपते ही, असं बोलून गेलो. तिने उठून चहा केला. मग वाटलं, बोलायला नको होतं. पण तिला तसं म्हटलं नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज चांगला दिवस. मला वाकता येत नाही म्हणून सकाळी ही माझे पाय धुते. धुताना बादलीत टण्णकन आवाज आला. अंगठी गळून पडली. लग्नातली, जी गेली कित्येक वर्षं साबण लावूनही निघत नव्हती.

"सैल झाली वाटतं," म्हणाली. "तुमच्या पेटीतला दोरा द्या, गुंडाळून घालते."

मी म्हटलं, "दे इकडे." डोळ्यांसमोर धरून तिला आतल्या बाजूने पिवळा रेशमी दोरा गुंडाळला. दुसऱ्या वेढ्याला बोट घसरलं, मग जमलं. अकरा वेढे, एकाला एक चिकटून. शेवटची गाठ मी मारली, माझ्या या हातांनी! ऑपरेशननंतरचं पहिलं काम. हिने अंगठी घातली आणि हात माझ्या डोळ्यांसमोर धरला. "छान बसली," म्हणाली. मी वेढे बघत होतो. एकही वर चढलेला नव्हता.

दिवसभर मनात तेच घोळत होतं. हात परत येतोय.

सोमवार, ६ ऑक्टोबर

एक गुपित हाती लागलं. मी अंघोळीहून बाहेर येत होतो, ही स्वयंपाकघरात लेकीशी फोनवर बोलत होती. लेक दुसऱ्या शहरात असते, तिचं लग्न होऊन वर्ष झालं. हिचा आवाज एरवी शेजाऱ्यांना ऐकू जाणारा, आज अगदी हळू.

"त्यांचा पट्टा निघेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मग मी सांगेन. आणि तूही त्याच दिवशी ये, आधी नको. शपथ आहे तुला."

मी दबक्या पावलांनी परत न्हाणीघरात गेलो आणि खोकत बाहेर आलो. मायलेकी पट्टा निघायच्या दिवशी काहीतरी जंगी बेत करतायत. माझ्या साठीलाही दोघींनी असाच घाट घातला होता आणि हिने आदल्या दिवशीच बडबडून सगळं फोडलं होतं. या खेपेला मात्र तोंड घट्ट मिटून आहे. मीही काही कळलं नसल्याचं दाखवणार आहे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

त्यांचं गुपित, तर माझंही एक असायला काय हरकत आहे? ठरलं. हिच्यासाठी कोट. तिचा आहे तो नऊ वर्षांचा, कोपरांवर विटलाय. थंडी तोंडावर आली आहे आणि ही हल्ली घरातसुद्धा शाल गुंडाळून असते.

मालकांना फोन केला. गर्द निळं लोकरी कापड, अस्तर, सगळं पाठवतो म्हणाले. मी विचारलं, "कापू शकेन का हो?"

"कापा मास्तर," म्हणाले. "त्या कोटावरूनच तुम्हालाही कळेल आणि मलाही."

म्हणजे ही परीक्षाच. मालक स्पष्ट बोलले ते बरं झालं.

मापाचा प्रश्न नाही. दुकानाची मापाची वही वेगळी, पण घरच्यांची मापं मी स्वतःच्या वहीत ठेवतो. हिचं शेवटचं गेल्या वर्षी ऑगस्टमधलं, लेकीच्या लग्नाच्या वेळचं. छाती अडतीस, कंबर चौतीस, खांदा साडेपंधरा, बाही बावीस. आता, दुकानात शिकायला येईल त्याला मी पहिल्याच दिवशी दम देतो की वहीतल्या मापावर कापड कापायचं नाही, माणूस वहीत राहत नाही, दर वेळी समोर उभं करून टेप लावायची. पण टेप लावली तर गुपित फुटेल. आणि बायकोचं माप नवऱ्याला पाठ नसेल तर तो कसला कटर?

वेळही आपोआप जमून आली आहे. ही हल्ली मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दवाखान्यात जाते. माझी औषधं, विम्याचे कागद. तिथे रांग फार असते म्हणे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

कापलं! टेबलावर वाकता येत नाही, म्हणून कापड या वहीच्या बोर्डावरच उभं टाचलं. उभ्या भिंतीवर कोट कापणारा मी जगातला पहिलाच वेडा असेन. खडू दोनदा पडला, तिसऱ्यांदा मनगटाला दोऱ्याने बांधून घेतला. पाठीचे दोन्ही भाग निघाले. कात्री जड लागली, पण सुटली नाही. कापड चिरताना तो बारीक करकर आवाज होतो ना, तो पाच महिन्यांनी ऐकला. डोळ्यांत पाणी आलं. मान खाली घालून रडता येत नाही, त्यामुळे ते सरळ पट्ट्यात गेलं.

ही यायच्या आत सगळं कपाटामागे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

नशीब जोरावर आहे. ही आज साडेतीन तास आली नाही. तेवढ्यात पुढचे भाग आणि दोन्ही बाह्या कापून झाल्या. आली तीही टॅक्सीने, एरवी बस सोडत नाही. "रांगेत उभं राहून पाय गेले," म्हणाली आणि चप्पलही न काढता बसून राहिली. मी मनात म्हटलं, शुक्रवारीही अशीच लांब रांग असू दे, कॉलर राहिलीय.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

वाईट दिवस. सकाळपासून अंगठा लाकडासारखा झालाय. वीसपैकी सात बटणं पडली. गेल्या आठवड्यात दोन पडली होती. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, असं वरखाली होतं, धीर धरा. धीर धरायला हात धड पाहिजे.

संध्याकाळी बसल्या बसल्या पाणी मागितलं. कुणी येईना. पुन्हा मागितलं. मग माझा तोल सुटला. भिंतीकडे बघत एकटाच ओरडत सुटलो. एका माणसाची एवढीशी सेवा होत नाही, सदा न कदा दमलेली, ज्याच्यावर बेतलंय त्याचं कुणाला काही आहे का, असं बरंच काही.

"इथेच आहे मी," ही म्हणाली. आवाज खालून आला, माझ्या गुडघ्याजवळून. जमिनीवर बसली होती, माझ्या खुर्चीला पाठ टेकून. केव्हापासून, कोण जाणे. "जरा हात द्या, उठते."

मी हात दिला. डॉक्टरांनी दोन किलोच्या वर उचलायला मनाई केलीय, म्हणून घाबरत दिला. पण मानेला काही कळलंसुद्धा नाही, इतकी चटकन उठली. तिने पाणी आणून दिलं. मी प्यालो. माफ कर म्हणायचं ओठांवर आलं होतं, तेवढ्यात ती आत गेली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मालक स्वतः आले आणि कापलेले सगळे भाग घेऊन गेले. मशीनवर बसायला मला अजून परवानगी नाही, तेव्हा शिवतील दुकानातले. कच्चे टाके मात्र मी घातले. मालकांनी एकेक भाग उजेडात धरून पाहिला. शेवटी म्हणाले, "अंगावर बघू."

ते निघत असताना ही दवाखान्यातून परतली. दारातच गाठ पडली. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, वहिनींना सांभाळा हं."

मी म्हटलं, "अहो, तिनेच मला सांभाळलंय." तिघेही हसलो. ही जरा उशिरा हसली.

पेटीतल्या मोठ्या सेफ्टी पिना संपत आल्या. बारा होत्या, दोन उरल्यात. विचारलं तर ही म्हणाली, मीच घेतल्या, कपडे धुऊन धुऊन सैल पडलेत. मी म्हटलं, "हल्ली कापडात दम राहिलेला नाही. टाकून दे, सगळे नवे शिवतो तुला, टेबलावर परत जाऊ दे एकदा." ती म्हणाली, "बरं."

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पट्टा निघाला. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, जोडलेला भाग आता वळणार नाही, बाकीची मान वळेल तेवढी वळवा. डोकं खांद्यावर नुसतं ठेवल्यासारखं वाटत होतं. टॅक्सीत पहिल्यांदा खाली पाहिलं, तर माझेच गुडघे परके वाटले.

घरी लेक येऊन बसली होती. धावत आली आणि माझ्याऐवजी आईच्या गळ्यात पडली. सोडेचना. मालक आले, हातात खोक्यातला कोट. बेताचं कुठे काही दिसत नव्हतं, ना फुगे ना पाहुणे. मी म्हटलं, आधी माझं गुपित.

हिने झाकण उघडलं. कापडावरून हात फिरवला. "कधी कापलात?" विचारलं. मी बोर्डाकडे बोट दाखवलं. तिने तोंडावर हात धरला. मग शाल काढून कोट घातला.

खांदे बसले. खांद्यांच्या खाली सगळं फसलं. काखेतून कापड लोंबत होतं, पुढच्या दोन्ही बाजू एकमेकींवर वीतभर चढत होत्या, पाठीत पोकळी. कोट खुंटीला टांगावा तसा हिच्यावर टांगला होता. शिकाऊ पोरानेही असा कापला नसता. एवढी चूक मी चाळीस वर्षांत केली नव्हती.

मालक बराच वेळ हिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कापड छान पडलंय, मास्तर." आणि चहाला न थांबता निघून गेले. लेक स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला.

"आत स्वेटर घालता येईल की," ही म्हणाली. "मला असाच हवा होता."

मी तिच्याशी बोललो नाही. ती काहीतरी सांगायला दोनदा जवळ आली, मी दोन्ही वेळा हात झटकला. मान जुळली आणि हात गेला. माझं संपलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

हे नीट लिहायचं आहे.

सकाळी कोट घेऊन बसलो. चूक निदान कुठे झाली ते तरी कळावं. आधी टेप तपासली. कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणते आणि मग खोटं माप देते. पोलादी पट्टीवर लावून पाहिली. बरोबर होती. मग कोट टेबलावर पसरला, मान दुखेपर्यंत वाकलो आणि एकेक शिवण मोजली. अडतीस छातीला, कोट अंगाला मोकळा राहावा म्हणून चार इंच जादा धरले होते. बेचाळीस भरली. अगदी बेचाळीस. कंबर बरोबर. बाही बरोबर. वही काढून ताडून पाहिलं. दुसऱ्यांदा मोजलं. पाव इंचाचा फरक कुठे नव्हता.

कोट बरोबर होता.

किती वेळ बसलो होतो माहीत नाही. अंगठी, पिना, खिळे, टॅक्सी, जमिनीवरून उठताना न जाणवलेलं तिचं वजन, सगळं एकेक करून समोर येत गेलं आणि मला ते थांबवता येईना. बारा आठवडे मी एकच मागत होतो, हात परत येऊ दे. आणि आज टेबलाशी बसून मनापासून मागितलं की हात गेलेला असू दे. मी चुकलेलो असू दे. पुन्हा कधी कात्री धरणार नाही, पण कोट चुकलेला असू दे.

मग हाक मारली. "इकडे ये. माप घ्यायचंय."

ती आली. शाल खुर्चीवर ठेवली आणि चौतीस वर्षं उभी राहते तशी उभी राहिली, हात थोडे दूर, नजर समोर. टेप पाठीमागून घेतली. छाती साडेतेहतीस. कंबर साडेअठ्ठावीस. खांदा साडेपंधरा, तेवढाच. खांदा हाडाचा असतो.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"कालच सांगणार होते. तुम्ही ऐकून घेईनात."

"केव्हापासून?"

"एप्रिल." म्हणजे माझ्या हातातून कात्री पडली त्याच्याही आधी. "जेवण जाईना. डॉक्टर म्हणाले तपासण्या करा. मग तुमचं हे निघालं. म्हटलं, आधी तुमचं उरकू. दोघंही एकदम आडवे झालो असतो तर पाणी कुणी दिलं असतं?"

"आणि तपासण्या?"

"सप्टेंबरमध्ये केल्या. पोटात गाठ आहे. पसरलीय. ऑपरेशन आता नाही होणार म्हणाले. मंगळवारी-शुक्रवारी सलाइन लावायला जात होते." मग माझ्या हातातली टेप काढून घेतली आणि गुंडाळत म्हणाली, "रागावू नका. कळलं असतं तर तुम्ही पट्टा काढून फेकला असतात."

मी म्हटलं, "मी तुझ्याकडे बघितलंच नाही गं."

"तुमची मान कुठे वळत होती?"

"एप्रिलमध्ये वळत होती," मी म्हटलं.

लेक दारात उभी राहून रडत होती. मी बायकोला धरलं. माझ्या दोन्ही हातांत ती मावून वर जागा उरली. मी खूप रडलो. मान खाली घालून रडलो, आता येते थोडी खाली.

रविवार, ३० नोव्हेंबर

लेकीने दोन महिन्यांची रजा काढली आहे. परवा तिघेही हिच्या डॉक्टरांकडे गेलो. किती दिवस, असं मी विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही. वेदना होऊ देणार नाही, एवढं म्हणाले. मी त्यांच्या टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला. चिमटीने उचलला. सुटला नाही.

मालकांचा फोन आला. म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी कोट बघितला आणि मला कळलं. तुम्हाला कसं सांगणार? हात तुमचा शाबूत आहे. टेबल तुमचंच आहे, केव्हाही या." हे ऐकण्यासाठी सहा महिने तळमळलो होतो. थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. सध्या जाणार नाही.

दुपारी कोट आत घेतला. हिला समोर उभं करून, टाचण्या लावून. जादा कापड कापायला कात्री हातात घेतली, तर ही म्हणाली, "राहू द्या ना आत. पुन्हा अंगाने भरले तर?"

कापलं नाही. दोन्ही बाजूंना आत दुमडून कच्चा टाका घातला. दोरा ओढला की निघेल असा. घालून आरशासमोर उभी राहिली, कॉलर नीट केली. कोट सुरेख बसला होता. "आता कसा बसलाय," म्हणाली. तिचे पाय मी धुतले. गुडघ्यावर बसता येतं मला आता.

रविवार, ७ डिसेंबर

नियम मोडल्याची शिक्षा म्हणून नाही, पण दर रविवारी माप घ्यायचं ठरवलंय. तीच म्हणाली, घेत जा. छाती पावणेतेहतीस, कंबर अठ्ठावीस. टाका उसवून पुन्हा घातला.

आज ती दोन घास जास्त जेवली. मी समोर बसून प्रत्येक घास बघितला. "असं बघू नका, लाज वाटते," म्हणाली. बघत राहिलो.

रविवार, २१ डिसेंबर

छाती बत्तीस. कंबर सव्वासत्तावीस. खांदा साडेपंधरा.

आता फार वेळ उभं राहवत नाही, लेक मागून धरते. "घाईत घेतलंत," ही म्हणाली. "परत घ्या. हात हलला असेल तुमचा."

परत घेतलं. तिच्या समाधानासाठी तिसऱ्यांदाही घेतलं. बोटं आता अजिबात बधिर नाहीत, टेपेवरची रेघन् रेघ कळते. हात पूर्वीसारखा झाला आहे.

तिन्ही वेळा बत्तीसच आली.